इंडिकेटर दिला की पार्किंग का लुकलुकतं? जुन्या पिकअपचं वायरिंग समजून घेताना

सोयाबीन निघालं की मोंढ्याच्या रस्त्यावर पहाटे चारपासून पिकअपची रांग लागते. मागच्या हंगामात अशाच रांगेत आमच्या पुढे बारा-तेरा वर्षांची एक गाडी होती. चालकाने डावा इंडिकेटर दिला आणि मागचं पार्किंग, नंबर प्लेटचा बल्ब, सगळं एकदमच लुकलुकायला लागलं. ब्रेक दाबला की इंडिकेटर आणखी मंद. रांग थांबल्यावर उतरून त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "माहितीये दादा. दोनदा बल्ब बदलले, फ्लॅशर बदलला. आता बॅटरी बदला म्हणायलेत."

बॅटरीचा त्यात काही संबंध नव्हता. मागच्या दिव्याची एक काळी वायर हौद्याच्या खाली ज्या बोल्टला आवळलेली असते, तो बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपरने घासून तो परत आवळला आणि सगळे दिवे सरळ झाले. बल्ब आणि फ्लॅशरचे, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीचे, पैसे मात्र गेले ते गेलेच.

हे लिहायचं कारण फक्त पैसे नाहीत. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की अंधारात उभ्या किंवा संथ चाललेल्या वाहनावर मागून धडक बसल्याच्या बातम्या आपल्या भागात दर वर्षी येतात. सोलापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर असा जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग असो की केजकडून अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता, गाव मागे पडलं की मिट्ट काळोख. मागून येणाऱ्याला आपली गाडी दिसते ती फक्त दोन ५ वॅटच्या बल्बांमुळे. ते लागतात का, आणि नीट लागतात का, हा प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे.

दाब, धार आणि अडथळा

विहिरीवरची मोटार डोळ्यांपुढे आणा. मोटार पाण्याला जो दाब देते तो व्होल्टेज. पाइपातून जी धार वाहते ती करंट, आणि ती अँपिअरमध्ये मोजतात. पाइपात गाळ बसला, पाइप चेपला, तर जो अटकाव होतो तो रेझिस्टन्स, म्हणजे अडथळा. एवढे तीन शब्द पुरेत.

अडथळ्यापाशी दाब खर्च होतो, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाइनीच्या शेवटच्या टोकाला ज्याचं शेत आहे, त्याला विचारा. सगळ्या मोटारी चालू झाल्या की त्याच्या खोपीतला बल्ब पिवळा पडतो. डीपीवर दाब असतो, पण वाटेतल्या तारेतच तो संपतो.

आता गाडीकडे या. घरात २३० व्होल्ट असतात, पिकअपमध्ये १२. घरातला ६० वॅटचा साधा बल्ब पाव अँपिअरच्या आसपास करंट घेतो. तेवढ्याच वॅटचा गाडीतला बल्ब घेतो ५ अँपिअर. जवळजवळ वीसपट. दाब कमी, धार मोठी. म्हणून घराच्या वायरिंगमध्ये जो थोडासा गंज कुणाच्या लक्षातही आला नसता, तोच गाडीत दिवा मंद करतो. घरी एक व्होल्ट गळाला तर काहीच कळत नाही. गाडीत एक व्होल्ट म्हणजे बारावा हिस्सा.

जुन्या गाडीच्या बहुतेक लाइटच्या तक्रारी इथूनच सुरू होतात. वायर सहसा मधोमध तुटत नाही. ती सांध्यात आजारी पडते: कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खोबणीत), होल्डरमध्ये, बोल्टखाली, आणि कुणीतरी नुसती पिळून टेप गुंडाळलेल्या जोडात.

परतीची वाट

वीज बॅटरीच्या प्लसमधून निघते, बल्बातून जाते आणि तिला बॅटरीच्या मायनसला परत यावंच लागतं. माल घेऊन मोंढ्यात गेलेली गाडी रिकामी परत आली तरच दुसरी खेप होते, तसं. जायचा रस्ता कितीही चांगला असो, परतीचा पूल वाहून गेला की खेपा बंद.

गाडीत परतीसाठी प्रत्येक बल्बाला वेगळी वायर बॅटरीपर्यंत ओढलेली नसते. चेसिस आणि बॉडीचं लोखंडच परतीचा रस्ता असतो. यालाच आपण 'अर्थ' म्हणतो. बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला, आणि प्रत्येक दिव्याची काळी किंवा तपकिरी वायर जवळच्या बोल्टला आवळलेली.

मागच्या एका दिव्याच्या डब्यात पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर असे तीन-चार बल्ब असतात आणि त्या सगळ्यांची परतीची वायर बहुतेक वेळा एकच असते. तो बोल्ट गंजला की काय होतं? इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बातून आलेल्या विजेला परत जायचं असतं, पण दार बंद. मग ती शेजारच्या पार्किंगच्या ५ वॅटच्या बल्बातून उलटी शिरते, पार्किंगच्या वायरीतून पुढे जाते, आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्याचा किंवा नंबर प्लेटचा चांगला अर्थ गाठून तिथून बॉडीत उतरते. जाताना वाटेतले बल्ब थोडे थोडे पेटवत जाते. आपल्याला दिसतं ते असं, की इंडिकेटर दिला तर पार्किंग लुकलुकतंय.

म्हणून एक दिवा लावल्यावर भलताच दिवा मिणमिणला, तर बल्ब विकत घ्यायला जाऊ नका. आधी अर्थ बघा.

आपल्याकडे हा बोल्ट लवकर का गंजतो, यालाही कारणं आहेत. पहिलं म्हणजे खत. पेरणीच्या दिवसांत हौद्यात पोटॅश, युरिया, डीएपीच्या गोण्या असतात. गोणी फाटते, खत सांडतं, हवेतली ओल धरतं. पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड लोखंडाचा वैरी. वरून गाडी धुतली की ते खारट पाणी थेट मागच्या दिव्यांच्या मागे उतरतं. शेणखत आणि जनावरांची वाहतूक करणाऱ्या गाड्यांचंही तेच. दुसरं कारण रंगाचं. हौदा नव्याने बांधून घेतला की त्यावर रंगाचे दोन हात मारतात आणि दिव्याचा क्लॅम्प रंगावरच आवळतात. रंगातून वीज जात नाही. बोल्टाच्या आट्यांना जेवढं लोखंड लागेल तेवढ्यावर दिवा वर्ष-दोन वर्षं चालतो, मग कुरकुरायला लागतो.

"पण बल्ब तर लागतोय, मग वायर खराब कशी?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि तो रास्त आहे. वायर अर्धवट खराब असू शकते, हे चटकन पटत नाही.

दोन्ही हेडलाइट ५५ वॅटवर मिळून सुमारे ९ अँपिअर घेतात. समजा त्यांच्या एका सामाईक सांध्यात गंजामुळे फक्त ०.१ ओहमचा अडथळा आला. ओहम हे अडथळ्याचं माप. ९ गुणिले ०.१, म्हणजे ०.९ व्होल्ट त्या सांध्यातच संपले. वर त्या सांध्यात ८ वॅटची उष्णता तयार होते ती वेगळीच. होल्डर वितळलेला, कपलर तपकिरी झालेला दिसतो तो याच्यामुळे. लोक म्हणतात बल्बाने होल्डर जाळला. बऱ्याचदा होल्डर आपल्याच ढिल्या पिनेने जळालेला असतो.

आणि हॅलोजन बल्बाची एक वाईट खोड आहे. व्होल्टेज १० टक्के पडला की उजेड १० टक्के पडत नाही, जवळजवळ ३० टक्के पडतो. त्यामुळे बल्ब लागलेला दिसतो, पण रस्ता दिसत नाही.

हे पकडायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. ज्या दिव्याची तक्रार आहे तो चालू ठेवा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीला आणि दुसरी त्या दिव्याच्या होल्डरच्या अर्थच्या पत्तीला लावा. परतीच्या वाटेवर किती व्होल्ट गळतायत तेच मीटर दाखवतं. ०.२ च्या आत असेल तर रस्ता चांगला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर चोर तिथेच आहे. मग एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी होल्डरच्या येणाऱ्या वायरीच्या पत्तीला लावा, म्हणजे जाण्याच्या वाटेचा हिशेब कळतो. दिवा बंद ठेवून हे मोजलं तर काहीच कळणार नाही. धार वाहत असेल तरच दाब गळतो.

दुरुस्ती सोपी आहे. आधी बॅटरीचा मायनस काढायचा. हे विसरू नका. प्लसवर काम करताना पाना चुकून बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते, आणि मायनस आधी काढलेला असेल तर ती उडतच नाही. मग अर्थचा बोल्ट काढून खालचं लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत करा, वायरीच्या टोकाला नवं थिंबल (धातूची कडी) दाबून लावा, दातेरी वॉशर टाकून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस चोळा. हौदा बांधून घेतलेला असेल तर दोन्ही मागच्या दिव्यांपासून एक वेगळी काळी वायर थेट चेसिसपर्यंत ओढून घ्या. लोखंडाच्या भरवशावर राहू नका.

"उजेड कमी आहे, १०० वॅटचे बल्ब टाकले तर?"

नका टाकू. गाडीसोबत आलेला हेडलाइटचा एचफोर बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५. १००/९० चे टाकले की दोघांचा मिळून करंट ९ ऐवजी १५ ते १६ अँपिअरवर जातो. वायर तीच, स्विच तोच, कपलर तोच. धार वाढली की गळतीही वाढते, म्हणजे जास्त वॅटचा फायदा वाटेतच संपतो, वायर तापते आणि रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो. नियमातही हे बसत नाही.

उजेड वाढवायचा खरा उपाय रिले आहे. शेतकऱ्याला रिले वेगळा समजावून सांगायची गरज नाही, कारण तो मोटारीच्या स्टार्टरमध्ये रोज बघतो. हिरवं बटण दाबलं की मोटारीचा पूर्ण करंट बटणातून जात नाही. आतली कॉइल खट्ट करून पट्टी ओढते आणि जाड वायरींची गाठ पडते. गाडीचा रिले हेच करतो. कित्येक जुन्या पिकअपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. दहा वर्षांत स्विचच्या आतले पॉइंट जळून काळे होतात. डिपर-अप्पर करताना स्विच गरम लागत असेल तर हेच झालेलं असतं. रिले बसवला की स्विचच्या वाट्याला जेमतेम पाव अँपिअर येतो आणि बल्बाला बॅटरीकडून जाड वायरीने सरळ वीज मिळते.

रिलेवर आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून येणारी वायर, ८७ ला बल्बाकडे जाणारी, ८५ आणि ८६ या कॉइलच्या दोन बाजू. डिपरला एक रिले, अप्परला एक. बॅटरीपासून येणाऱ्या वायरीवर फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या जवळ हवा. डाव्या-उजव्या दिव्याला फ्यूज वेगळे ठेवले तर आणखी चांगलं, कारण रात्री घाटात एक फ्यूज उडाला तरी दुसरा दिवा सोबत राहतो.

दिव्यांची दिशाही बघून घ्या. माल भरला की मागचे पाटे दबतात, नाक वर होतं आणि आपला डिपर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नेहमीचा माल भरून गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडायला हवी.

"मग एलईडी टाकतो, करंटही कमी लागतो"

करंट कमी लागतो हे खरं. पण हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरचा सगळा हिशेब बारीक तारेच्या नेमक्या जागेवर बसवलेला असतो. स्वस्त एलईडीचे ठिपके त्या जागी येत नाहीत. उजेड पांढराशुभ्र दिसतो, जवळचा रस्ता झळाळतो, पण लांबचं दिसत नाही आणि समोरून येणारा दुचाकीवाला आंधळा होतो. पासिंगच्या (फिटनेस तपासणीच्या) वेळी हेडलाइटची तपासणी होते, तिथेही हे अडतं. व्यावसायिक गाडी ८ वर्षांची झाली की फिटनेस दर वर्षी करावं लागतं, म्हणजे ही अडचण दर वर्षीची.

इंडिकेटरमध्ये एलईडी टाकल्यावर तो भराभर लुकलुकतो, त्याचं कारण वेगळं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर करंट मोजत असतो. एक बल्ब गेला की करंट कमी होतो आणि फ्लॅशर दुप्पट वेगाने लुकलुकून चालकाला ते सांगतो. एलईडी मुळातच कमी करंट घेतो, म्हणून फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला. जुन्या, तापून वाकणाऱ्या पट्टीच्या फ्लॅशरमध्ये उलटं होतं. करंट कमी झाला की पट्टी तापत नाही, मग इंडिकेटर संथ होतो किंवा एकाच जागी अडकतो.

"नवी बॅटरी टाकली, तरी सकाळी सेल्फ मारत नाही"

तीन शक्यता आहेत आणि तिन्ही मीटरने वेगळ्या ओळखता येतात.

पहिली शक्यता, बॅटरी नीट चार्जच होत नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्ध्यावर आलेली. गाडी चालू करून मोजा. १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर, ज्याला आपण अजून डायनामोच म्हणतो, तो ठीक आहे. १३ च्या खाली असेल तर बेल्ट ढिला आहे, कार्बन झिजलेत किंवा वायर सुटलीये. १५ च्या वर गेलं तर डायनामोचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय. अशा गाडीचे बल्ब सारखे उडतात आणि बॅटरीतलं पाणी लवकर आटतं. गाडी चालू असताना बॅटरीची तार उपसून 'डायनामो बघायची' रीत अजून कुठे कुठे दिसते. ती सोडून द्यायला हवी. तार निघाल्या क्षणी व्होल्टेजचा जो झटका बसतो त्याने चांगला डायनामोसुद्धा निकामी होऊ शकतो.

दुसरी शक्यता म्हणजे रात्रीची चोरी. टेप, हॉर्नची जास्तीची मशीन, ट्रॅकर ही यंत्रं थेट बॅटरीला जोडलेली असतात. चावी काढल्यावरही अर्धा अँपिअर जात राहिला तर दिवसाला १२ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) गेले. ७० अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत अर्ध्यावर. लग्नाला चार दिवस गाडी घरी उभी राहिली आणि बॅटरी उतरली, हे त्यामुळेच. मायनसच्या वाटेत मीटर १० अँपिअरवर लावून बघा. गाडी बंद असताना ०.०५ अँपिअरच्या आसपास ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्यावर आकडा पडेल त्या वाटेवर चोर. मीटर तसाच लावलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटर जळेल.

तिसरी शक्यता टर्मिनलची. डिझेल गाडीचा सेल्फ एका क्षणाला २०० अँपिअर आणि त्याहून जास्त ओढतो. टर्मिनलवरच्या त्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीत ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथेच गेले. गरम पाणी आणि खायचा सोडा टाकून धुवा, कोरडं करा, आवळा, व्हॅसलिन लावा. इंजिनपासून चेसिसला जाणारी जाळीची अर्थपट्टीही बघा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून त्याला परतीची वाट तीच. ती तुटली तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून लाल होऊ शकते. सेल्फ मारताना केबलजवळ धूर आला तर तिथेच थांबा.

आपल्याकडचा उन्हाळा बॅटरीला सोसत नाही. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात आणि उघडी पडलेली प्लेट परत कामाला येत नाही. पाणी भरायचं ते फक्त डिस्टिल्ड. बोअरचं तर मुळीच नको. त्यातले क्षार प्लेटांवर बसतात.

"फ्यूज सारखा उडतोय, जाड तार लावली तर?"

पाझर तलावाला सांडवा ठेवलेला असतो. पाणी वाढलं की ते तिथून निघून जातं आणि बांध वाचतो. सांडवा दगड-मातीने बुजवला तर पाणी बांधच फोडून निघणार. फ्यूज म्हणजे सांडवा. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. निळ्याच्या जागी हिरवा लावला, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूज जळणार नाही, वायर जळेल. आणि मागे हौद्यात कापूस किंवा कडबा असेल तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. अशी जळालेली गाडी मी पाहिली आहे. चालक वाचला, वर्षाचा कापूस गेला.

फ्यूज लगेच उडत असेल तर कुठेतरी प्लसची वायर उघडी पडून बॉडीला टेकली आहे. खड्ड्यात गेल्यावरच उडत असेल तर वायर हलून टेकते आहे. बहुतेक वेळा चेसिसच्या कडेवर घासलेली, हौद्याच्या बिजागरात चेपलेली किंवा उंदराने कुरतडलेली असते. गोदामात, कडब्याच्या गंजीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उंदराचा त्रास फार. चेसिसवरून जाणाऱ्या वायरींवर प्लास्टिकची नळी चढवून घेतली तर घासणं थांबतं.

"एवढी खटपट करण्यापेक्षा सगळं वायरिंगच नवं करतो"

कधी कधी तेच बरोबर असतं. वायरीचं कव्हर बोटाने चुरगळतंय, आतलं तांबं काळं-हिरवं पडलंय, जागोजागी टेपचे फुगे आहेत, अशा गाडीत एकेक जोड शोधत बसण्यात अर्थ नाही. पण नव्या वायरिंगचे बोल्ट त्याच गंजक्या लोखंडावर आवळले तर सहा महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. वायरिंग नवं करणाऱ्याला आधीच सांगा की अर्थची प्रत्येक जागा घासून द्यायची आहे आणि जोड पिळून नाही, दाबून किंवा डाख लावून करायचे आहेत.

वायरमनकडे जाताना नुसतं "लाइटचा प्रॉब्लेम आहे" म्हणू नका. कागदावर लिहून न्या: सकाळी बॅटरी किती व्होल्ट, गाडी चालू असताना किती, मागच्या दिव्याच्या अर्थवर किती गळती, कोणतं बटण दाबल्यावर कोणता भलता दिवा लागतो, आणि हे पावसानंतर होतं की खड्ड्यात. चांगला वायरमन हा कागद बघून पाना उचलण्याआधीच अर्ध्या रस्त्यावर पोचलेला असतो. तोवर मागच्या बाजूला लाल आणि पुढे पांढरी रिफ्लेक्टर टेप स्वच्छ पुसून ठेवा. तिला ना बॅटरी लागते ना अर्थ, आणि बल्ब बंद पडलेल्या रात्री मागून येणाऱ्याला आपली गाडी तीच दाखवते.